रचनाकार जिवंत असावा

रविवार, २२ जानेवारी १९६७. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पालघरच्या एका शाळेच्या सभागृहात दामू तांडेल यांच्या फोटोला झेंडूचा हार घालण्यात आला. फोटोपुढे समई लावली गेली आणि तिच्या शेजारी चार उदबत्त्या. दामू तांडेल त्या वेळी तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावरची पाळी संपवून बोईसर स्टेशनात गाडीची वाट बघत उभे होते. त्यांची तब्येत उत्तम होती.

हार घातला तो नरहरी सावे यांनी. ते त्याच शाळेत भूगोल शिकवत आणि पालघर त्रिवाद्य मंडळाचे चिटणीस होते. मंडळात वादक तीन. फिडलवर स्वतः नरहरी मास्तर, पेटीवर कन्याशाळेच्या चंद्रकांताबाई राऊत आणि तबल्यावर सायकलींचं दुकान चालवणारा प्रताप चुरी. मंडळाला अकरा वर्षं झाली होती. वर्षाला चार कार्यक्रम होत आणि चारही पुण्यतिथीचे असत. जो संगीतकार दिवंगत, त्याच्याच चिजा वाजवायच्या आणि समोर त्याचा फोटो ठेवायचा.

कार्यक्रमाच्या सामानाची यादी मास्तरांनी पहिल्याच वर्षी केली होती: सतरंज्या, पेट्रोमॅक्स, स्टूल, फोटो, हार, समई, उदबत्ती. यादी पुठ्ठ्यावर चिकटवलेली होती. कार्यक्रमाच्या दिवशी मास्तर एकेका वस्तूपुढे पेन्सिलीने खूण करत आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या खुणा रबराने खोडून पुठ्ठा कपाटात ठेवत. अकरा वर्षांत यादीतली एकही वस्तू राहून गेली नव्हती. मास्तरांना अभिमान वाटावा अशा गोष्टी फार नव्हत्या. ही त्यातली एक होती.

गेल्या दसऱ्याच्या सभेत चंद्रकांताबाईंनी विषय काढला.

"आपण फक्त गेलेल्यांचंच वाजवतो. जिवंत माणसाला आपल्याकडे यायचं असेल तर त्यानं काय करावं?"

"वाट बघावी," प्रताप म्हणाला.

मास्तरांना ते लागलं. त्याच सभेत ठराव झाला की यापुढे मंडळ हयात रचनाकारांकडून मुद्दाम नव्या रचना करून घेईल आणि त्याच वाजवील. मास्तरांनी नियमांच्या वहीत लाल शाईने लिहिलं: नियम चौथा. रचनाकार जिवंत असावा.

पहिला रचनाकार शोधायला लांब जावं लागलं नाही. शिरगावचे दामू तांडेल लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. त्यांनी बांधलेल्या चाली किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात वाजत होत्या, पण त्या कुणाच्या हे कुणाला ठाऊक नव्हतं. मास्तर सायकलवरून शिरगावला गेले. दामू अंगणात जाळं शिवत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मास्तर, मी आजवर उब्यानंच वाजवलंय," दामू म्हणाले. "नवऱ्याच्या पुढं ऱ्हायाचं, मागं बघायचं नाय, चालत ऱ्हायाचं. माजी चाल कुनी बसून ऐकल्याली मी बघितली नाय. मीबी नाय ऐकली."

"मग तुम्हाला काय द्यायचं?"

"एक खुर्ची. पुढच्या रांगंत. तुमी वाजवा, मी बसून ऐकतो."

रचनेचं नाव ठरलं 'परतीची होडी'. चौदा मिनिटांची. तीन महिने दर गुरुवारी दामू पालघरला आले. ते क्लॅरिनेटवर एक तुकडा वाजवत, चंद्रकांताबाई त्याचं स्वरलेखन करून घेत आणि सराव सुरू व्हायच्या आत दामू शिरगावची शेवटची एसटी पकडत. त्यामुळे तिन्ही वाद्यांवर सलग अशी स्वतःची रचना त्यांनी कधी ऐकली नव्हती. ती ऐकण्यासाठी रविवार राखून ठेवला होता. पौष चालू होता, लग्नं नव्हती, बँड मोकळा होता.

"एक फोटो द्या," मास्तर शेवटच्या गुरुवारी म्हणाले.

"फोटो कशाला? मी सोता येतो हाय ना."

"लागतो. यादीत आहे."

दामूंचा एकच फोटो होता, बँडच्या गणवेशातला, इतर सातजणांबरोबर. त्यांच्या बायकोने, मंजुळाने, त्यातून कात्रीने नवरा कापून दिला. ढोलवाल्याचं कोपर मात्र खांद्यावर राहिलं.

तर रविवारी सहा वाजून दहा मिनिटांनी हा फोटो कोपरासकट स्टुलावर होता. प्रताप तबल्याची थैली काखेत धरून त्याच्याकडे बघत उभा राहिला.

"मास्तर, कायतरी चुकल्यासारखं वाटतंय."

मास्तरांनी पुठ्ठा त्याच्यापुढे धरला. सातही खुणा झालेल्या होत्या. प्रतापने मान डोलावली आणि तो तबला लावायला पडद्यामागे गेला. चंद्रकांताबाई मंचामागच्या दाराने येऊन आधीच पडद्याआड पेटीपाशी बसल्या होत्या. फोटो त्यांना दिसत नव्हता.

सहा वाजून वीस मिनिटांनी शिरगावची बायडी दारात आली. दिवसभर बाजारात मासळी विकून ती रिकामी टोपली घेऊन एसटीकडे निघाली होती. आपल्या दामूचं आज काहीतरी आहे एवढं तिला माहीत होतं. तिने दारातून फोटो, हार, समई आणि उदबत्त्या हे सगळं बघितलं. कुणाला काही विचारायची गरज तिला वाटली नाही. अशा वेळी विचारत नाहीत. तिने टोपली खाली ठेवली, हात जोडले, टोपली उचलली आणि साडेसहाची एसटी पकडली.

साडेसहाला कार्यक्रम सुरू व्हायचा होता. दामूंची गाडी एका मालगाडीसाठी उमरोळीला थांबवून ठेवली होती. सभागृहात साठेक माणसं जमली होती आणि पुढच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. सात वाजता लोक खोकायला लागले, तेव्हा मास्तरांनी पडद्यामागून अध्यक्षांना खूण केली की थोडा वेळ बोला.

अध्यक्ष वासुदेवराव पिंपळे हे निवृत्त पोस्टमास्तर. ते सरावाला येत नसत, सभेलाही क्वचितच येत. निमंत्रणपत्रिकेतली तारीख आणि वेळ तेवढी वाचत, कारण बाकीचं अकरा वर्षं तेच होतं. ते उठले, फोटोला नमस्कार केला आणि चष्मा लावून खालचं नाव वाचलं.

"दामू तांडेल आज आपल्यात नाहीत," ते म्हणाले.

पडद्यामागे चंद्रकांताबाईंचा हात पेटीवर थांबला. "मास्तर, हे काय बोलतायत?"

मास्तरांनी पडद्याच्या फटीतून बघितलं. अकरा वर्षं त्यांनी हे दृश्य मागूनच बघितलं होतं. आज पहिल्यांदा पुढे बसलेल्या माणसाच्या नजरेने बघितलं. त्यांचे कान तापले.

"हार तुम्ही घातलात?" बाईंनी विचारलं.

"यादीत होता," मास्तर म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू आला नाही.

"जा आणि थांबवा त्यांना."

मास्तर पडदा बाजूला करून पुढे आले, तेवढ्यात अध्यक्षांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची विनंती केली. साठ माणसं उभी राहिली. मास्तर मंचाच्या मधोमध अडकले. शांततेत बोलणं बरं दिसलं नसतं. विद्यार्थ्यांना त्यांनी स्वतःच हे कितीदा तरी सांगितलं होतं. ते हात खाली सोडून उभे राहिले.

याच दोन मिनिटांत सभागृहाच्या मागच्या दाराने दामू तांडेल आले. पायात बांधकामावरची सिमेंट लागलेली चप्पल, हातात डबा. सगळं सभागृह उभं आहे हे बघून ते बिचकले. मग त्यांनीही डबा खाली ठेवला, टोपी काढली आणि मान खाली घातली. शेजारच्या माणसाला त्यांनी हळूच विचारलं, "कोन गेला?"

त्याने हनुवटीने स्टुलाकडे दाखवलं. दामूंनी बघितलं. ढोलवाल्याचं कोपर त्यांनी लगेच ओळखलं.

"खाली बसावं," अध्यक्ष म्हणाले.

सगळे बसले. दामू मधल्या वाटेने चालत पुढे आले आणि त्या रिकाम्या खुर्चीवर बसले. अध्यक्षांनी फोटोकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं आणि मास्तरांकडे वळले.

"हे गृहस्थ कोण?"

"फोटोतले," मास्तर म्हणाले.

सभागृहात कुणी हसलं नाही, आणि मास्तरांना तेच जास्त लागलं. त्यांनी फोटोवरचा हार काढला. काढल्यावर कळेना की तो ठेवायचा कुठे. जिवंत माणसाच्या गळ्यात घालावा तर तो एकदा फोटोवर चढून आलेला; टाकून द्यावा तर तो माणूस समोर बसलेला. त्यांनी तो डाव्या हातात धरला.

"दामूशेट, माझ्या हातून—" मास्तरांनी सुरुवात केली.

"ऱ्हाऊ द्या," दामू म्हणाले. "वाजवा तुमी. मी बसलोय."

मास्तरांनी हार कोटाच्या खिशात कोंबला आणि फिडल खांद्याला लावलं. सात वाजून पंचवीस मिनिटांनी 'परतीची होडी' सुरू झाली. दामूंनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि डोळे मिटले. पेटीचा पहिला सूर लागला, फिडल आत आलं, तबल्याने पहिलं आवर्तन पूर्ण केलं. दुसरं आवर्तन निम्म्यावर आलं असताना बाहेर ट्रक थांबल्याचा आवाज आला आणि त्याबरोबर बायकांचं रडणं.

बायडी सात वाजता शिरगावला पोचली होती. त्या वेळी किनाऱ्यावर सत्तावीस होड्या तयार होत्या. पौर्णिमा चार दिवसांवर आलेली, उधाणाचे दिवस, जाळ्याला मासळी हमखास. पण गावात मयत झाली की होडी पाण्यात जात नाही. बायडीने सांगितलं आणि होड्या थांबल्या. बर्फाचा ट्रक किनाऱ्यावर उभा होता. दामूंची आई हिराबाई, मंजुळा आणि गावातली वीसेक माणसं त्यात चढली.

हिराबाई दारातून रडत आत आल्या आणि थेट पुढच्या खुर्चीपाशी येऊन थांबल्या. त्यांनी मुलाचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. मग उजव्या हाताने त्याच्या थोबाडीत दिली.

"हितं बसलायस?"

"आये, बस ना. चाल ऐक," दामू म्हणाले.

"गावच्या समद्या होड्या थांबल्यात तुज्यापायी," मंजुळा म्हणाली. "आनि तू खुर्चीवर?"

"फोटो तूच कापून दिलास ना?"

"फोटो दिला. हार मी नाय दिला."

वीस माणसांनी हार कुणी दिला हे विचारलं. मास्तरांच्या कोटाच्या खिशातून झेंडू बाहेर लोंबत होता, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही. रचना तिथेच थांबली. चौदा मिनिटांपैकी ती दोन मिनिटंही वाजली नव्हती. ट्रक शिरगावला परत गेला तेव्हा दामूही त्यातच होते, आणि भरतीचं पाणी उतरायला लागलं होतं; होड्या त्या रात्री गेल्या नाहीत.

सोमवारी मास्तरांनी शाळेत रजेचा अर्ज दिला. कारणाच्या जागी काय लिहावं हे पाच मिनिटं सुचलं नाही. शेवटी त्यांनी 'घरगुती' लिहिलं. सकाळी नऊ वाजता ते शिरगावच्या किनाऱ्यावर पंचांसमोर वाळूत बसले. आजूबाजूला सत्तावीस कोरड्या होड्या होत्या. मास्तरांनी एकीकडेही बघितलं नाही.

"मास्तर, तुमी पोरांना काय शिकवता?" एका म्हाताऱ्या पंचाने विचारलं.

"भूगोल."

"मंग ठीक हाय. जित्या-मेल्याचं त्यात येत नसंल."

सगळे हसले. मास्तरही हसले असते, पण मान वर करावी लागली असती.

पंचांनी फार ताणलं नाही. निकाल त्यांनी हिराबाईंवर सोडला.

"मास्तर, तुमी वाईट मानूस नाय," त्या म्हणाल्या. "पन ती चाल अपशकुनी. पयल्याच येळेला मरनाची बातमी घेऊन आली. माजा पोरगा जिता हाय तवर ती लोकांम्होरं वाजवायची नाय. कबूल?"

"कबूल," मास्तर म्हणाले. त्या क्षणी त्यांनी काहीही कबूल केलं असतं.

"आनि तो हार समुद्रात टाका. खिशात घेऊन फिरू नका."

परतताना अर्ध्या वाटेवर मास्तर सायकलवरून उतरले. नियम चौथा त्यांना तेव्हा आठवला. संध्याकाळी त्यांनी दोघांना सगळं सांगितलं.

"म्हणजे तो आहे तोवर त्याची आई वाजवू देणार नाही," प्रताप म्हणाला, "आणि तो गेल्यावर आपण."

"नियम बदलता येईल," मास्तर म्हणाले.

"कुठल्या तोंडानं?" चंद्रकांताबाई म्हणाल्या. "जिवंत माणसाला हार घातला तो घातला, आता त्याच्या जाण्याची वाट बघत बसायचं?" त्यांनी स्वरलेखनाचे कागद पुढे ओढले. "हिराबाईंनी 'लोकांपुढे' म्हटलं ना? सराव म्हणजे काही लोकांपुढे नव्हे."

तेव्हापासून दर गुरुवारी सहा वाजता, शिरगावची शेवटची एसटी सुटायच्या आत, शाळेच्या कोपऱ्यातल्या वर्गात 'परतीची होडी'चा सराव होतो. दारं बंद असतात. रस्त्याकडची एक खिडकी उघडी असते आणि तिच्याखाली ओट्यावर एक खुर्ची ठेवलेली असते. दामू तांडेल गुरुवारी खोकल्याचं औषध आणायला पालघरला येतात. पहिल्या गुरुवारी त्यांनी चौदा मिनिटं हात गुडघ्यांवर ठेवून ऐकलं, मग खिडकीच्या गजांशी तोंड आणून म्हणाले, "बाई, मधी एके ठिकानी होडी उलटतेय. तितं जरा दमानं घ्या."

बाईंनी तिथे दमाने घेतलं. मास्तर अजून खिडकीकडे पाठ करून वाजवतात. यादीतला 'हार' हा शब्द त्यांनी रबराने खोडायचा प्रयत्न केला, पण तो शाईने लिहिलेला होता. पुठ्ठा तेवढ्या जागी फाटला.

मंडळाने आणखी तिघा रचनाकारांना पत्रं पाठवली आहेत. दोघांचं उत्तर आलेलं नाही. तिसऱ्याने फोटो पाठवणार नाही एवढंच कळवलं आहे.

गेल्या रविवारी हिराबाईंनी बायडीला विचारलं की दामूचा खोकला गुरुवारीच कसा वाढतो, तो कुठल्या एसटीने जातो आणि औषधवाल्याचं दुकान शाळेपासून किती लांब आहे. एसटी आणि दुकान बायडीने सांगितलं. खुर्ची कुठे असते तेही सांगितलं.

आज बुधवार आहे.