नव्वद दिवसांचा नियम

बायकोच्या कामात नवऱ्याने नाक खुपसू नये, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण त्या रविवारी दुपारी इला स्वतःच म्हणाली, "यतीन, जरा मंडळाच्या ग्रुप्सचं बघतोस का?" आणि मी "बघतो" म्हणून बसलो.

इला यंदा अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळाची सेक्रेटरी. तिचं पहिलंच वर्ष, आणि येत्या शनिवारी गणपती. (इथे बाप्पा चतुर्थीला येत नाहीत, जवळच्या शनिवारी येतात. त्यांनाही सुट्टी बघावी लागते.) मंडळाचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप, एक मेलिंग लिस्ट आणि एक शेअर्ड फोल्डर. तिन्हीत मिळून कोणकोण आहे, ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या सकाळी प्रसादाच्या यादीत कुणाच्या तरी मुलाने सातचा पाढा टाइप केला होता, आणि मसालेभात कोण करणार ते त्याखाली पुसलं गेलं होतं.

ऑफिसात मी हेच काम करतो. कुणाला कुठे शिरू द्यायचं आणि कुणाला बाहेर काढायचं, ते मी ठरवतो. चार हजार माणसांचे ग्रुप्स सांभाळतो. (घरात थर्मोस्टॅटला हात लावायचा तर मला विचारावं लागतं, पण तो विषय वेगळा.) त्यापुढे मंडळातली दोनशे बारा माणसं म्हणजे हातचा मळ.

"सिंपल आहे," मी म्हणालो. "नव्वद दिवसांत ज्याने काही लिहिलं नाही, फोल्डर उघडलं नाही, मेलला उत्तर दिलं नाही, तो बाहेर. गरज असेल तर फॉर्म भरून परत येईल."

"अरे, आपल्या लोकांना असं ग्रुपमधून काढायचं नसतं. एखाद्याला मुंजीला बोलावलं नाही तरी तो विसरेल, हे नाही विसरणार."

"इला, सिक्युरिटीला भावना नसतात."

"तुलाही नाहीत. मी फक्त मसालेभात कोण करतंय ते शोधायला सांगत होते!"

तरीही तिने मला अॅडमिन केलं. मी नावं बघितलीच नाहीत. नावं बघितली की माणूस हळवा होतो. मी फक्त नंबर आणि तारखा बघितल्या आणि सत्तेचाळीस जण काढले. प्रत्येकाला ऑफिसातली नोटीस मराठीत करून पाठवली: 'आपण गेले नव्वद दिवस निष्क्रिय आढळल्याने आपला प्रवेश रद्द करण्यात आला आहे. तक्रार असल्यास कारणासह अर्ज करावा.' दहावीच्या पेपरानंतर इतकं शुद्ध मराठी मी पहिल्यांदाच लिहीत होतो. खाली ऐटीत स्वतःचं नावही टाकलं.

मंगळवारी संध्याकाळी कामावरून आलो, तर इला जिन्याच्या पायरीवर बसली होती.

"शोभनाकाकूंना काढलंस तू?"

शोभनाकाकू शहात्तर वर्षांच्या. त्यांनी आणि गिरीशकाकांनी मिळून हे मंडळ सुरू केलं. काका दीड वर्षापूर्वी गेले. मंडळाची पाच फुटी फायबरची मूर्ती वर्षभर काकूंच्याच गॅरेजमध्ये असते.

"तीनशे उकडीचे मोदक करते रे ती बाई दर वर्षी! तिला तू निष्क्रिय म्हणालास?"

"मी नाही, डेटा म्हणाला."

"त्यांचा फोन आला होता. म्हणाल्या, मी आता मंडळाची कुणी नाही, आणि परक्या लोकांना मी गॅरेज उघडून देत नाही." इलाचे डोळे भरून आले. "माझं पहिलं वर्ष, यतीन. हॉल आहे, ढोल आहेत, अडीचशे माणसं येणार आहेत. फक्त गणपती नाहीये."

मला खरोखर वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर पेढ्यांचा डबा घेऊन मी काकूंच्या दारात उभा राहिलो. त्यांच्या नातीने, सियाने, दार उघडलं आणि आत वळून ओरडली, "आजी, द गाय हू रिमूव्ड यू इज हिअर!"

काकू सोफ्यावर ताठ बसल्या होत्या. "कारणासह अर्ज आणलास?"

"काकू, चुकलो. ते सिस्टिमने आपोआप..."

"खाली तुझं नाव आहे."

"तुमचा नंबर नव्वद दिवस वापरातच नव्हता हो."

"कसा असेल? तो फोन ड्रॉवरमध्ये असतो; तुझी नोटीस वाजली तेव्हा सियाने आणून दिला. मी सगळं ह्यांच्या फोनवरून करते. पहिल्यापासून." त्यांनी टीपॉयवरचा फोन माझ्यापुढे धरला. "हे गेल्यावर मुलगा म्हणाला, नंबर बंद करू. मी म्हटलं, राहू दे."

मी बघितलं. गिरीशकाकांच्या नावाने रोज सकाळी सात वाजता मंडळाच्या ग्रुपवर एक फूल आणि सुप्रभात. त्याखाली तीस-चाळीस उत्तरं. 'नमस्कार काका.' 'काका, आज कोणतं फूल?'

"मीच पाठवते, हे सगळ्यांना माहीत आहे," काकू म्हणाल्या. "तरी काका म्हणतात. बरं वाटतं रे."

माझ्या यादीत सर्वांत सक्रिय म्हणून पहिला आलेला नंबर हाच होता. मी गेलेल्या माणसाला ठेवलं होतं आणि असलेल्या माणसाला काढलं होतं. "काकू, या नंबरला कुणी हात लावणार नाही. तुमचाही नंबर मी आत्ता परत घेतो."

"घे. पण ग्रुप वाचत असतास, तर तुला हे आधीच कळलं असतं."

"वाचतो की!" (तो ग्रुप मी तीन वर्षांपासून म्यूट करून ठेवला आहे.)

काकूंनी माझ्याकडे बघितलं, चहा दिला आणि गॅरेज उघडलं. "इलासाठी देतेय हो मूर्ती. तुझ्यासाठी नाही."

शनिवारी सगळं थाटात पार पडलं. मसालेभात कुणाकडे होता ते शेवटपर्यंत न कळल्यामुळे तो चार घरांतून आला. आरती झाल्यावर इला इतकी खूश होती, की माझ्याशी चक्क गोड बोलली. मी मोदकांच्या रांगेत उभा असताना आजूबाजूच्या लोकांनी एकेक करून फोन बघितले आणि मग माझ्याकडे बघितलं. मीही फोन काढला.

गिरीशकाकांनी मला ग्रुपमधून काढलं होतं.

ग्रुप काकांनीच सुरू केलेला, त्यामुळे पहिले अॅडमिन तेच. समोर काकू अगदी शांतपणे मोदक वाढत होत्या.

"इला," मी हळूच म्हणालो, "मला परत घे ना. तूही अॅडमिन आहेस."

"नव्वद दिवसांत एकदा तरी काही लिहिलंस तू तिथे?"

"अगं, पण मला काढलं कुणी ते बघ! काका दीड वर्षापूर्वी गेले!"

"हो ना," मोदकावर तूप घेत इला म्हणाली, "तरी तुझ्यापेक्षा जास्त अॅक्टिव्ह आहेत."