घरबुटक्याचा जाहीर सत्कार

एका जंगलात, बाळांनो, इतका बर्फ पडे की आपण झाडे आहोत हे तिथल्या झाडांना उन्हाळ्यातच कळे. फार उत्तरेकडच्या या जंगलात झिपरोबा अस्वल आणि त्याची बायको लोकराबाई राहत.

अस्वले हिवाळाभर झोपतात, हे तुम्हाला शाळेत शिकवले असेल. पण तोवर त्यांची चूल कोण पेटती ठेवते आणि छपरावरचा बर्फ कोण लोटते, हे शिकवलेले नसते. ते काम घरबुटका करतो.

तिकडे घरोघरी एक घरबुटका असतो. वीतभर उंची, पोटापर्यंत दाढी, डोक्यावर लाल टोपी. तो दिसला तरी दिसला नाही असे म्हणायचे, अशी तिकडची रीत. नाताळला त्याच्यासाठी चुलीपाशी वाटीभर लापशी ठेवायची, वर लोण्याचा गोळा घालायचा आणि पाठ फिरवायची. आभारसुद्धा मानायचे नाहीत.

तेवढ्यासाठी झिपरोबा नाताळला उठे, लापशी शिजवी आणि पुन्हा घोरू लागे.

एका नाताळला कोल्होबा आला. तो जंगलातल्या सगळ्या समित्यांचा सचिव होता.

"काय हे झिपरोबा!" वाटीकडे बघत तो म्हणाला. "एवढ्या सेवेला नुसती लापशी? छे, छे! जाहीर सत्कार करा!"

"अहो, त्याच्याकडे बघायचंही नसतं," लोकराबाई म्हणाल्या. "आमच्या सासूबाई सांगायच्या, कौतुक केलं की बुटका बिघडतो. तो बिघडला की ह्यांची झोप गेली. आणि झोप मोडली की हे कसे होतात ते मला विचारा."

"वहिनी, जमाना बदलला."

झिपरोबाचे डोळे मिटत होते. तो "हो" म्हणाला. जंगलातले बहुतेक ठराव असेच मंजूर होत.

लगेच अंगणात मंडप उभा राहिला. रेनडिअर अध्यक्ष झाला, कारण त्याच्या शिंगांवर हार छान अडकत. लांडगा "मी फार वेळ घेणार नाही" म्हणाला आणि बोलू लागला. तो थांबला तेव्हा मागच्या रांगेतले ससे गोठले होते. त्यांना उचलून चुलीपाशी नेऊन वितळवावे लागले.

मग घरबुटक्याला दाढी धरून बाहेर ओढले आणि शाल पांघरली. शाल अस्वलाच्या मापाची होती. त्यामुळे सत्कारमूर्ती काही वेळ सापडेना. तेवढ्यात लापशी अध्यक्षांनी खाल्ली. लोणी कोल्होबाने.

"दोन शब्द बोला!" सगळे ओरडले.

शालीतून आवाज आला, "आजवर मला वाटायचं, मी चूल पेटवतो. आज कळलं, मी समाजसेवक आहे!"

टाळ्यांनी छपरावरचा बर्फ खाली आला, तो अध्यक्षांवर. कार्यक्रम संपला.

झिपरोबा अंथरुणात शिरला. चूल विझू लागली.

"ए बुटक्या, लाकूड घाल रे," तो पुटपुटला.

"आणि शालीवर ठिणगी पडली म्हणजे?" बुटका म्हणाला. "शिवाय यापुढे अहो-जाहो करा. उद्या सशांकडे माझं व्याख्यान आहे. विषय, 'चूल आणि समाज'."

"घ्या!" लोकराबाई नवऱ्याला म्हणाल्या. "मी कोकलत होते ना?"

झिपरोबा उठला. लाकूड घालून आडवा झाला. चूल विझली. उठला. छप्पर करकरले. पुन्हा उठला. वसंत येईपर्यंत त्या घरात गाढ झोपला तो घरबुटकाच. अस्वलाच्या अंथरुणात, व्याख्यानांनी दमून.

वसंतात तांबारलेल्या डोळ्यांनी झिपरोबा लाकडे फोडत असताना कोल्होबा आला.

"वा झिपरोबा! हिवाळाभर जागून चूल सांभाळणारं पहिलंच अस्वल! तुमचा तर आता जाहीर..."

झिपरोबा कुऱ्हाड घेऊन वळला. पुढचा शब्द कोल्होबाने देवदाराच्या शेंड्यावरून उच्चारला. कोल्ह्यांना झाडावर चढता येते, हे जंगलाला त्या दिवशी कळले.

तात्पर्य: काम करणाऱ्याचा सत्कार कधीही करू नये, काम बंद पडते. सत्कार नेहमी काहीच न करणाऱ्याचा करावा, म्हणजे कुणाचे काही अडत नाही. बाळांनो, आपल्याकडे ही खबरदारी किती कसोशीने घेतली जाते, हे तुम्ही मोठे झालात की दर रविवारी संध्याकाळी पाहालच.