भोकाच्या पैशाची दुरुस्ती

महाकोशल नाणेसंग्राहक मंडळाच्या वार्षिक सभेत असा ठराव एकमताने मंजूर झाला की, यापुढे सभासदांच्या नाण्यांना कोणीही उघड्या हाताने स्पर्श करू नये. 'कोणीही' या शब्दात नाण्याचा मालकही येतो, असा खुलासा अध्यक्ष बापूसाहेबांनी लगेच केला.

ठरावाचा शास्त्रीय भाग माझा होता. घामातले क्षार तांब्याला कसे खातात, हे मी फळ्यावर समीकरण लिहून दाखवलं. सभासदांनी आपापल्या तळहातांकडे संशयाने पाहिलं आणि तेच हात वर केले. अडचण एवढीच झाली की, त्या वेळी सगळ्यांची नाणी प्रथेप्रमाणे टेबलावर मांडलेली होती. ती उचलून घरी नेणं आता नियमबाह्य होतं. रसायनशास्त्राचा पदवीधर असल्यामुळे हातमोजे फक्त माझ्याकडे होते. मी तांत्रिक सचिव झालो तो असा.

नाणी कपाटात गेली. आता प्रत्येक नाण्याचा फोटो मंडळाने घेतलेल्या नाणी ओळखणाऱ्या ॲपला दाखवायचा, ॲपने ते ओळखलं की नाणं पारदर्शक डबीत सीलबंद करायचं, डबीवर कोड चिकटवायचा आणि मग मालकाला परत द्यायचं. पूर्वी खरंखोटं ठरवायला जुने सभासद नाणं फरशीवर टाकून आवाज ऐकत. त्यात नाण्याला इजा होई आणि प्रत्येक नाण्यामागे चहा होई.

दुसऱ्याच दिवशी गढ्याहून गुलाबराव निखाडे आले. खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले, मंडळाचे जुने सभासद. त्यांच्या संग्रहात एकच नाणं होतं: एकोणीसशे चव्वेचाळीस सालचा भोकाचा पैसा.

"भैया, माझा पैसा देऊन टाक. रविवारी नातीचं बारसं आहे. करदोड्यात बांधाचा आहे."

"काका, नोंदणी झाल्याशिवाय देता येत नाही."

"काहून? मायनं माझ्या कमरेले बांधला होता, मी माझ्या पोराच्या बांधला. तेव्हा कोणती नोंदणी होती?"

"तेव्हा घामाबद्दल जागृती नव्हती."

गुलाबराव हसले. मी हातमोजे चढवून फोटो काढला. ॲपने क्षणभर विचार केला आणि उत्तर दिलं: 'वॉशर. उत्पादकाचे नाव अस्पष्ट.'

"अच्छा!" गुलाबराव म्हणाले. "म्हणजे माझी माय मले वॉशर बांधून हिंडवत होती."

मी वर्ग बदलून 'नाणे' असा केला. ॲपने राजाचा चेहरा मागितला. या पैशावर राजा नाही, नुसता मुकुट आहे. तसं मी कळवलं. त्यावर अंतिम निकाल आला: 'गंभीर क्षती. मध्यभाग गहाळ. दुरुस्तीनंतर पुन्हा अर्ज करा.'

प्रकरण बापूसाहेबांकडे गेलं. त्यांनी नाणं भिंगातून, अर्थातच दुरून, पाहिलं.

"भोक आहे, हे तर मान्य कराल गुलाबरावजी?"

"भोकाचाच पैसा आहे तो! सरकारनं भोक पाडूनच काढला."

"देखिए, सरकारने पाडलं असेल. सिस्टमला ते मान्य नाही. भोक बुजवून आणा, मी स्वतः सही करतो."

"बुजवलं तर दोरा कुठून जाईन बाप्पा?"

"ते मंडळाच्या कार्यकक्षेत येत नाही."

गुलाबराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "चलो, बुजव. एकदा पास होऊ दे, मग घरी नेऊन गुल्ली काढून टाकतो." माणूस व्यवहारी होता. राइट टाउनच्या एका दुकानातून मी त्या भोकाच्या मापाची तपकिरी प्लास्टिकची गुल्ली थ्री-डी प्रिंटरवर छापून आणली. ती इतकी घट्ट बसली की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. ॲपने या वेळी फुगे सोडले: 'अभिनंदन! अस्सल. स्थिती उत्तम. मध्यभाग शाबूत.'

गुलाबरावांनी हात पुढे केला. पण मंजुरीनंतर नाणं उघडं ठेवता येत नसल्यामुळे मी ते त्यांच्या डोळ्यांदेखत डबीत घालून सील केलं आणि डबी हातावर ठेवली. डबी फोडल्यास नोंदणी रद्द आणि नाणं पुन्हा कपाटात, हा नियमही वाचून दाखवला.

"म्हणजे पैसा माझा," ते हळूच म्हणाले, "फक्त बांधाचा नाही."

"बघायला काहीच हरकत नाही," मी म्हणालो.

रविवारी बारशाला मंडळाला निमंत्रण होतं. सील तपासणं माझं कर्तव्य होतं आणि जेवण बापूसाहेबांना चुकवायचं नव्हतं, म्हणून आम्ही दोघंही गेलो. पाळण्यात मुलगी पाय झाडत होती आणि तिच्या कमरेला, काळ्या करदोड्यात, डबीसकट पैसा बांधलेला होता. डबीच्या मधोमध आरपार भोक. कडा वितळलेल्या.

"हे कोणी केलं?" बापूसाहेब ओरडले.

"मी," सुमनबाई म्हणाल्या. गुलाबरावांच्या पत्नी. "गॅसवर सळई तापवली न् घातली मधातून. तुमची गुल्ली लोण्यासारखी गेली." त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं. "यायले सांगत होती, रडून काय राहिले, प्लास्टिकच तर आहे!"

"पण स्पर्श करायचा नाही असा ठराव आहे!"

"मी कुठं हात लावला? सळईनं लावला."

मी मनातल्या मनात ठराव आठवून पाहिला. सळईचा उल्लेख नव्हता. डबीही फोडलेली नव्हती, आणि कोड शाबूत होता. नियमाप्रमाणे फेरतपासणीसाठी मी तो स्कॅन केला आणि पैशाचा नवा फोटो काढला.

इथे एक तांत्रिक बाब सांगायला हवी. ॲप नोंदणीतूनच शिकतं. आमच्या पैशाची नोंद झाल्यापासून ते एवढंच शिकलं होतं की, हा पैसा मुळात भरीव असतो. त्यामुळे त्याने आता जाहीर केलं: 'अतिदुर्मिळ. मध्यभागी भोक असलेला एकमेव ज्ञात नमुना.' आणि ही बातमी सर्व सभासदांना परस्पर पाठवून दिली.

पाहुण्यांचे फोन पाळण्यावर झुकले. खरेदीचे निरोप यायला लागले. बापूसाहेबांचा स्वर एकदम बदलला. "मागे व्हा सगळे! मंडळाची संपत्ती आहे. नाण्याला हात लावायचा नाही."

"नाणं तर पोरीले बांधलं आहे," गुलाबराव म्हणाले.

"मग पोरीलाही लावायचा नाही!"

नाव ठेवायला आलेली लताआत्या पाळण्यापाशी तशीच थबकली. नियमात बसणारा मार्ग एकच होता. मी माझे निळे हातमोजे तिला दिले. ते घालून ती बाळाच्या कानाशी वाकली, नाव सांगितलं आणि मग उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हटलं. निळे हात बघून पोर किंचाळून रडायला लागली.

"अरे, उचला ना कोणी तिले!" गुलाबराव म्हणाले. लोक फोन सरळ धरून उभे होते. हात कोणाचाच मोकळा नव्हता.

सुमनबाईंनी गर्दी बाजूला सारली, उघड्या हातांनी नातीला पैशासकट उचललं आणि छातीशी धरलं. "काढा नोटीस माझ्यावर," म्हणाल्या, आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. पोर गप्प झाली. गुलाबराव दाराला टेकून उभे राहिले आणि आतला आजीचा आवाज ऐकत राहिले, जुने सभासद फरशीवरच्या नाण्याचा ऐकायचे तसे.

नोटीस मी तयार केली आहे. ही हकिगत मी आतापर्यंत अनेक सुशिक्षित लोकांना सांगितली. काहींनी विचारलं, शेवटी भाव किती आला? बाकीच्यांनी विचारलं, आमच्या घरी जुन्या डब्यात असा एक पैसा आहे, त्याचं काय येईल? तुम्हालाही तो डबा मघाशीच आठवला असणार. संकोच करू नका, ॲप मोफत आहे.

मुलीचं नाव काय ठेवलं, हे मात्र अजून कोणीच विचारलेलं नाही.