ढब्बूच्या पोटात अंगण

कुठला आकार कुठल्या आकाराच्या आत आहे, हे माझ्याइतकं अचूक सांगणारा माणूस तुम्हाला शोधून सापडणार नाही! ऑफिसात मी नकाशांचे प्रोग्रॅम लिहितो. तळं शेताच्या आत की बाहेर, दुकान वॉर्डाच्या आत की बाहेर, दिवसभर हाच धंदा. त्यामुळे आमच्या फाटकाची कडी तुटली आणि बायको म्हणाली, "सुताराला बोलावते," तेव्हा मला हसूच आलं.

"सुतार कशाला? मी प्रोग्रॅम लिहितो ना!"

"प्रोग्रॅम फाटक लावणार?"

"फाटक राहू दे उघडं! ढब्बू अंगणाबाहेर पडला रे पडला की भोंगा वाजेल."

ढब्बू म्हणजे सासूबाईंचा कुत्रा. दोघंही आमच्याकडेच राहतात. फाटकाला कडी नाही म्हटल्यावर हा पठ्ठ्या बाहेर पडायचा, वळसा घालून जिना चढायचा आणि वर राहणाऱ्या घरमालक काकांच्या कुंड्या उकरायचा. काकांनी शेवटची ताकीद दिली होती. "हा कुत्रा पुन्हा तुमच्या अंगणाबाहेर दिसला, तर त्याची सोय दुसरीकडे करा!" त्यावर सासूबाईंनी कपाटावरची बॅग खाली काढली. म्हणाल्या, "तो जाईल तिथं मी जाईन." बायकोला रडू कोसळलं. मलाही वाईट वाटलं. माझा डबा त्याच करतात.

तर मी कामाला लागलो! ढब्बूच्या गळ्यात ठावठिकाणा सांगणारा पट्टा बांधला. आता पट्टा काही नेमकी जागा सांगत नाही, 'कुत्रा या गोलात कुठेतरी आहे' एवढंच सांगतो. म्हणजे प्रोग्रॅमच्या दृष्टीनं ढब्बू एक गोल आणि अंगण एक चौकोन. एक दुसऱ्याच्या आत आहे का, एवढंच विचारायचं. आत असेल तर मोबाइलवर हिरवा दिवा, नसेल तर अंगणातल्या स्पीकरवर भोंगा. भोंग्याला मी सासूबाईंचाच आवाज दिला. "ढब्ब्या! आत ये!" त्या आवाजापुढे भल्याभल्यांची बोबडी वळते.

रविवारी सकाळी काकांना प्रात्यक्षिकाला बोलावलं. ढब्बू अंगणाच्या अगदी मध्यभागी पाय वर करून घोरत होता. मी छाती फुगवून बटण दाबलं.

"ढब्ब्या! आत ये!!"

काका दोन पावलं मागे उडाले. "अहो, कुत्रा आतच आहे की! ओरडताय कशाला?"

"मी कुठे ओरडतेय? मी गप्प उभी आहे हो!" सासूबाई म्हणाल्या.

"ढब्ब्या! आत ये!!" स्पीकर म्हणाला.

"बघा, पुन्हा!"

मी घाम पुसला. "काठाजवळ असेल तर होतं असं, काका. जरा सरकवू या." बायकोनं पुढचे पाय धरले, मी मागचे धरले आणि त्या धुडाला आम्ही हातभर सरकवलं. स्पीकर ओरडतच होता. शेजारच्या खिडक्या उघडल्या. ढब्बू बिचारा डोळे चोळल्यासारखा उठला. एक सासूबाई समोर गप्प उभ्या, दुसऱ्या खोक्यातून ओरडताहेत! तो जो बिथरला तो शेपूट घालून थेट फाटकाबाहेर! बायको मागे धावली, पण वळणावर तो दिसेनासा झाला.

आणि भोंगा थांबला. हिरवा दिवा लागला! 'ढब्बू अंगणात आहे.'

"बघितलंत?" मी टाळी वाजवली. "झालं ना नीट!"

"अरे, पण तो पळाला!" बायको धापा टाकत म्हणाली.

"परत आला असेल. यंत्र खोटं बोलत नाही. नीट बघा जरा!"

खरं सांगतो, मी स्वतः बादली उचलून खाली बघितलं. सासूबाई मात्र फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. काका मान हलवत वर गेले आणि दुसऱ्या क्षणी छप्पर उडेल अशी आरोळी आली. "अहो! हा माझ्या पलंगावर आहे! पांघरुणात!!"

"शक्य नाही, काका!" मी खालून ओरडलो. "तो अंगणात आहे!"

आम्ही वर धावलो. ढब्बू काकांच्या उशीवर डोकं ठेवून पडला होता. माझ्या हातातल्या मोबाइलवर हिरवा दिवा अजून चमकत होता. तेव्हा कुठे मी प्रोग्रॅम उघडून पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"काय झालं?" बायको.

"दोन नावांची अदलाबदल झाली गं. ढब्बू अंगणाच्या आत आहे का, असं विचारायचं होतं. मी विचारलं, अंगण ढब्बूच्या आत आहे का?"

"मग वर आल्यावर हो कसं म्हणालं?"

"घरात, स्लॅबखाली, पट्ट्याला नीट कळत नाही. त्याचा गोल फुगत जातो. इतका फुगला की आपलं अख्खं अंगण त्यात मावलं."

सासूबाईंनी ढब्बूचं पोट चाचपलं. "अंगण नसेल," त्या काकांना हळूच म्हणाल्या, "पण तुमची एक चप्पल दिसत नाहीये."

आता संपलं, असं मला वाटलं. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "बॅग भरलेलीच आहे माझी. निघतो आम्ही."

काका ढब्बूकडे वळले. ढब्बूनं त्यांचा हात चाटला.

"कुठे निघता? बसा!" काका खेकसले. "एवढ्या गोंधळात हा एकदा तरी भुंकला का? बिचारा आसरा शोधत माझ्याकडे आला. ओरडलं ते यांचं यंत्र! कुत्रा राहील. यंत्र आजच्या आज बंद! आणि सुतार बोलवा."

सासूबाई हसल्या, रडल्या आणि काकांना नव्या चपलांचं वचन देऊन बसल्या.

सुतार आला, शीळ घालत कडी बसवून गेला. मी त्याच संध्याकाळी प्रोग्रॅममधली ती दोन नावं जागच्या जागी केली. आता तो एकदम अचूक चालतो, पण घरात कुणी विषयच काढू देत नाही.

परवा ऑफिसातून आलो तर फाटकाच्या कडीला कुलूप, किल्ली बायकोकडे. बेल वाजवली, हाका मारल्या. सगळे काकांकडे गप्पा मारायला गेलेले. अंगणात एकटा ढब्बू बसला होता, शेपूट हलवत माझ्याकडे बघत.

तो आत होता आणि मी बाहेर. एवढं मात्र मला प्रोग्रॅमशिवाय कळलं!