मार्शल डेंटन आणि पाडव्याचा घोडा

"अहो, मासे आणायला गेला होतात ना? मग मासे कुठायत?" मधुमतीबाईंनी दारातच विचारलं.

"मासे राहू देत!" डॉक्टर पद्माकर रेगे धापा टाकत म्हणाले. "मार्शल भेटला!"

मार्शल म्हणजे वॉल्टर डेंटन. 'ड्राय क्रीक' नावाच्या काउबॉय मालिकेत ते नऊ वर्षं मार्शल होते. त्र्याहत्तर साली पद्माकर साउदॅम्प्टनच्या हॉस्पिटलात रुजू झाले, तेव्हा इथल्या पेशंटांचं इंग्रजी त्यांच्या डोक्यावरून जायचं. समोरचा पोटाबद्दल बोलतोय की पावसाबद्दल, तेच समजायचं नाही. शनिवारी संध्याकाळी मात्र होस्टेलच्या टीव्हीवर मार्शल यायचा. घोड्यावर बसून, एकेक शब्द सुटा करून, सावकाश बोलायचा. या देशात पद्माकरांना पूर्ण कळलेला तो पहिला माणूस. परत जायचा बेत त्यांनी मार्शलच्या भरवशावर एकेक शनिवार पुढे ढकलला, तो कायमचाच.

आणि आज, २००६ साली, सुपरमार्केटमध्ये मागून तोच आवाज "हॅडक मासा ताजा आहे का?" असं विचारत होता. डेंटन मूळचे बर्मिंगहॅमचे. अमेरिकेतली कामं संपल्यावर परतले, आणि बायको गेल्यापासून इथे एकटेच राहत होते. पद्माकरांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि मराठी मंडळाच्या पाडव्याला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावूनच टाकलं.

मंडळाची सेक्रेटरी श्रद्धा पुण्याची, सॉफ्टवेअरवाली. तिच्या उत्साहाला ब्रेक नव्हता.

"काका, मार्शल काय चालत येणार? इथे जवळच न्यू फॉरेस्टमध्ये रायडिंग स्कूल आहे. मी घोडा अरेंज करते!"

"अगं, पण त्यांना विचारायला नको?"

"सरप्राइज, काका!"

पाडव्याला हॉलसमोरच्या कारपार्कमध्ये पोरंटोरं जमली. मंडळातल्या विनयने पाहुण्यांना भगवा फेटा बांधला. तेवढ्यात रायडिंग स्कूलची मुलगी घोडी घेऊन आली.

"काका, हा घोडी किती मोठा आहे!" इथेच जन्मलेली कस्तुरी ओरडली.

डेंटनचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. त्यांनी पद्माकरांना बाही धरून हॉलच्या किचनमध्ये ओढलं.

"डॉक्टर, मी आयुष्यात कधी घोड्यावर बसलेलो नाही."

"म्हणजे? आणि टीव्हीवर?"

"लांबून दिसायचा तो दुसराच माणूस. जवळून मी पिंपावर बसायचो. खालून दोघं पिंप हलवायचे."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं. लहानपणी दूधवाल्याचा घोडा मला चावला होता. तेव्हापासून रस्त्यात घोडा दिसला तरी मी फुटपाथ बदलतो."

पद्माकरांना फसवल्यासारखं अजिबात वाटलं नाही. उलट वाटलं, हा माणूस आपल्याइतकाच घाबरलेला होता, आणि तरी दर शनिवारी आपल्याला धीर द्यायला येत होता.

ते बाहेर आले आणि हॉस्पिटलातल्या आवाजात म्हणाले, "पाहुण्यांचं ब्लडप्रेशर वाढलंय. डॉक्टर म्हणून सांगतो, घोडा बंद."

पोरांची तोंडं उतरली. श्रद्धाही हिरमुसली. मग कस्तुरी म्हणाली, "मग काका, तुम्ही बसा!"

पोरांनी टाळ्या पिटल्या. डेंटननी भरल्या डोळ्यांनी सोबत आणलेली आपली जुनी काउबॉय हॅट पद्माकरांच्या डोक्यावर ठेवली. आता नाही म्हणणं शक्यच नव्हतं. चौघांनी मिळून डॉक्टरांना वर चढवलं.

मिरवणूक निघाली. पुढे गुढी खांद्यावर आडवी टाकून विनय, मागे घोडी. गुढीला साखरेची गाठी बांधलेली, आणि ती घोडीच्या नाकासमोर डुलत होती. घोडीने हुंगलं. पाय उचलला. विनयने मागे वळून पाहिलं, त्याला फक्त दात दिसले, आणि तो गुढीसकट पळत सुटला. घोडी त्याच्यामागे. रायडिंग स्कूलच्या मुलीच्या हातून दोर निसटला.

"विनय, थांब!"

"काका, आधी तुम्ही थांबा ना!"

"ते माझ्या हातात आहे का!"

"अहो, घट्ट धरा!" मधुमतीबाई पदर खोचून मागे धावत होत्या.

समोर फाटक, आणि फाटकापलीकडे बसचा रस्ता. फाटकाजवळ खुर्ची टाकून डेंटन बसले होते. ते उठले. विनय शेजारून जाताना त्यांनी गुढीची गाठी खेचून घेतली, डोळे घट्ट मिटले आणि हात पुढे केला.

"ईझी... गर्ल... ईझी," ते म्हणाले. एकेक शब्द सुटा, सावकाश.

घोडी थांबली आणि त्यांच्या हातातली गाठी कुरुम कुरुम खाऊ लागली. मंडळाने बोलावलेल्या स्थानिक साप्ताहिकाच्या फोटोग्राफरने तेवढ्यात फोटो काढला.

नंतर श्रीखंड-पुरी खाताना पद्माकर म्हणाले, "मिस्टर डेंटन, तुम्ही होतात म्हणून मी या देशात टिकलो." डेंटननी फेट्याच्या शेमल्याने डोळे पुसले आणि आणखी श्रीखंड मागितलं.

शुक्रवारी साप्ताहिक आलं. मधुमतीबाई ते बघून हसत सुटल्या. फोटोत हॅटखाली तोंड झाकलेला स्वार आणि पाठमोरा फेटेवाला घोडीला भरवताना. खाली छापलं होतं: 'या वयातही घोड्यावर रुबाबात बसलेले मार्शल डेंटन. घोड्याला गोड भरवताना डॉक्टर रेगे.'

पद्माकरांनी घाईघाईने डेंटनना फोन लावला. "सॉरी, फार मोठी चूक झालीय. मी आत्ताच त्यांना दुरुस्ती छापायला सांगतो."

"खबरदार, डॉक्टर!" पलीकडून मार्शलचा आवाज आला. "माझा घोड्यावरचा हा एकमेव खरा फोटो आहे. मी तो फ्रेम करायला दिलाय. शेजारीण विचारत होती, या वयात भीती नाही वाटली?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"म्हटलं, सवय आहे."