सोलो सिंगरचे दोन माईक

गणेश सोलो आर्टिस्ट आहे, पण माईक दोन मागतो. एक मधोमध स्वतःसाठी. दुसरा डाव्या हाताला चार फुटांवर, कमरेच्या उंचीला. त्या दुसऱ्यापुढे कुणी उभं राहत नाही. मी तो चालूही करत नाही. रिकामा माईक उगाच शिट्टी मारतो.

संग्रामपुरात आमचं बिछायत केंद्र आहे. मंडप नवरा बघतो, साउंड मी. वायरींचा गुंता दिसला की त्याचं डोकं फिरतं. त्यामुळे तालुक्यातले बरेवाईट सगळे गळे माझ्याच मशीनमधून जातात.

"एकटाच आहे ना बे तू? मग दोन माईक कायले?"

"काकू, स्टेज भरलेलं दिसलं पाह्यजे. इंटरनॅशनल लेव्हल आहे ते."

भर मे महिन्यात काळं लेदर जॅकेट घालणं, हेही इंटरनॅशनल लेव्हल. दोन गाण्यांनंतर ते जॅकेट माझ्या जनरेटरवर वाळत पडतं.

पूर्वी यांचा रॉक बँड होता, 'भूकंप'. गळा गणेशचा, गिटार सोनाळ्याच्या रवीची, ड्रमवर त्या दिवशी जो मोकळा असेल तो. सराव आमच्या गोदामात. गोदामातले उंदीर गेले, एवढाच मला त्या कलेचा फायदा.

बँड फुटला तो फ्लेक्समुळे. गणपतीच्या कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर भावी नेत्यांचे सतरा फोटो लागले आणि बँडला वीतभर जागा उरली. त्यात फ्लेक्सवाल्यानं गणेशचं तोंड तेवढं बसवलं. गणेशनं चूक झाली म्हटलं असतं तर विषय संपला असता. यानं फ्लेक्सखाली उभं राहून सेल्फी काढला.

"मी कुठी आहो बे याच्यात?" रवीनं विचारलं.

"इंटरनॅशनल लेव्हलले लीड सिंगर सोलोच होते," गणेश म्हणाला.

रवीनं गिटार पाठीला लावली आणि तो सोनाळ्याला निघून गेला. तीन वर्षं बोलणं नाही.

तेव्हापासून गणेशची सोलो कारकीर्द जोरात आहे: हळदी, वाढदिवस, शाळांची गॅदरिंगं. गाणी 'भूकंप'चीच. फक्त प्रत्येक गाण्यात मध्येच तो गप्प होतो. ढोलाचा ट्रॅक चालू, आणि हा अर्धा मिनिट डावीकडे बघत उभा. लोकांना वाटतं, संपलं. टाळ्या पडतात, अर्धा मंडप पंगतीकडे पळतो. निवेदकाला तेवढंच हवं असतं. "पांढऱ्या बोलेरोवाल्यानं गाडी काढावी, नवरदेवाची घोडी अटकून राह्यली!" मग गणेश पुन्हा सुरू होतो, तेव्हा समोर उरलेल्या खुर्च्या ऐकत असतात.

"काढून टाक ना ते मधलं गप्प राहणं."

"नाही काकू. ते गाण्यातच आहे."

यंदा रवीच्या पुतणीचं लग्न होतं, सोनाळ्यात. गणेशला बोलावलं रवीच्या भावानं, रवीला न विचारता. स्टेजवर जाण्याआधी गणेश तीनदा माझ्याकडे आला.

"काकू, रवी आला काय?"

"घरचं लग्न आहे त्याच्या. जाईन कुठी? वरण वाढून राह्यला तिकडं."

गणेशनं जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. बाहेर बेचाळीस डिग्री.

गाणं सुरू झालं. ती जागा आली आणि हा गप्प. डावीकडे बघत उभा. माझी नजर सहज पंगतीकडे गेली. रवीनं वरणाची बादली खाली ठेवली होती. पळी आडवी धरलेली, आणि डाव्या हाताची बोटं तिच्या दांड्यावर भराभर वरखाली पळत होती.

"ओ भाऊ, वरण वाढा ना!" पंगतीतून कुणी ओरडलं. त्याला ऐकूच गेलं नाही.

गाण्यातली ती गप्प जागा रवीच्या गिटारची होती. वर्षानुवर्षं माझ्याच गोदामात वाजलेली, आणि ती मी काढून टाकायला सांगत होते.

तेवढ्यात निवेदक उठला. "पांढऱ्या बोलेरो..."

मी त्याचा माईक बंद केला. त्यानं फुंकर मारली, टिचक्या मारल्या, माझ्याकडे हात केले. मी वायरी बघत बसले.

दांड्यावरची बोटं थांबली. त्याच ठोक्याला गणेशनं पुढची ओळ उचलली.

पुढच्या गाण्याआधी मी डावीकडचा माईक चालू केला. त्यानं शिट्टी मारली. मारू दिली.