तराईच्या जर्सीचा बंदोबस्त

मी फिजीतल्या सिंगातोकाच्या बसस्टँडवर वेळापत्रक सांभाळतो. चोवीस वर्षांत माझ्या स्टँडवरून एकही बस वेळेआधी सुटलेली नाही. उशिरा सुटतात, पण तो ड्रायव्हरांचा दोष. अशा शिस्तीच्या माणसाच्या घरातून मुलीचा शाळेचा पोशाख ऐन वेळी नाहीसा व्हावा, हे शोभतं का? पण दरवर्षी व्हायचा. या वर्षी मात्र मी मनाशी पक्कं केलं. तराईवीनीचा खेळाचा पोशाख शुक्रवारच्या शाळेच्या स्पर्धांपर्यंत तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या अंगाला लागणार नाही. असा बंदोबस्त करायचा की बँकवाल्यांनी येऊन बघून जावं!

आमच्याकडे चोऱ्या होतात असं समजू नका. आमच्या गावात चोरी होतच नाही, कारण तिची गरज पडत नाही. माणूस दारात येतो, ‘केरेकेरे’ म्हणतो आणि हवी ती वस्तू मागून घेऊन जातो. केरेकेरे म्हटल्यावर नकार द्यायचा नसतो. दिला, तर पुढच्या रविवारी चर्चबाहेर तुमच्या आजोबांपासूनचा कंजूषपणा निघतो. जानेवारीत तराईचा नवाकोरा शाळेचा झगा माझ्या बहिणीने तिच्या मुलीसाठी नेला. मोजे चर्चच्या गायकांकडे गेले. माझ्या दोरीवर कपडे वाळत असताना फाटक नुसतं वाजलं, तरी मी आधी कपडे गोळा करून आत पळवतो.

आणि या वेळी गोष्ट साधी नव्हती. तराई पंधरा वर्षांची, पिवळ्या हाउसची, आठशे मीटर पळते. शुक्रवारच्या शर्यतीत पहिल्या दोघींत आली, तर शाळेच्या संघातून राजधानीत, सुव्याला, मोठ्या स्पर्धेला जाणार. सहा महिने ती पहाटे नदीकाठाने पळत होती. तिच्या मागे आमचा कुत्राही पळायचा, तो दुसऱ्या महिन्यातच थकून घरी बसला.

अडचण एकच, शाळेच्या उपमुख्याध्यापिका प्रसाद मॅडम. त्यांनी घरोघरी यादी पाठवली होती: पिवळी बिनबाह्यांची जर्सी, काळी हाफपँट, पांढरे कॅनव्हासचे बूट. यातलं एक जरी कमी असलं, तर मूल बाकावर बसणार. गेल्या वर्षी त्यांनी हेडमास्तरांच्या पुतण्याला तपकिरी बुटांपायी बसवलं होतं.

सोमवारी मी तिन्ही वस्तू आणल्या. तराईला सांगितलं नाही, बायकोला, मकेरेतालाही सांगितलं नाही. मकेरेताचं मन फार मोठं आहे. ती मागायच्या आधीच देते. मी विचार केला, गावात असं कोण आहे ज्याच्याकडे जाऊन केरेकेरे म्हणायला लोक कचरतात? गावप्रमुख अनारेकाका! त्यांच्या घरात वस्तू ठेवली की ती सुरक्षित. स्वतःच्याच डोक्यावर मला खूश व्हावंसं वाटलं.

आता प्रमुखांकडे रिकाम्या हाताने कोण जातं? मी बाजारातून यंगोनाची चांगली जाडजूड मुळी घेतली; ती कुटून केलेलं पेय आमच्याकडे मानाने पितात. काकांच्या घरी तीन म्हातारे चटईवर बसले होते. मी दारातच बसलो, सरकत पुढे गेलो, मुळी काकांसमोर ठेवली आणि तिच्याशेजारी गाठोडं ठेवलं. ‘काका, हे शुक्रवारपर्यंत सांभाळा’ म्हणायला श्वास घेतला, तेवढ्यात काकांनी मुळीवर हात ठेवला आणि डोळे मिटून बोलायला सुरुवात केली.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. मुळी आणि शेजारी वस्तू ठेवली की ती भेट होते. आमच्याकडे हे दुधपित्या पोरालाही ठाऊक असतं. मला एकट्यालाच त्या दिवशी आठवलं नाही. काका माझ्या घराण्याचं कौतुक करत होते, माझ्या आजोबांनी गावाला दिलेल्या होडीची आठवण काढत होते. मधे बोलायची सोय नव्हती. मग तिघा म्हाताऱ्यांनी ओंजळीने टाळ्या वाजवल्या, ठप, ठप, ठप, आणि गाठोडं गावाचं झालं.

“अपेनिसा,” काका डोळे पुसत म्हणाले, “आजकाल असं कोण करतं?”

“कुणी नाही, काका,” मी म्हणालो, आणि ते अगदी खरं होतं.

तरी मला वाटलं, काका वस्तू ठेवून घेतील आणि मी हळूच काहीतरी करीन. पण गावप्रमुख आलेली भेट स्वतःकडे ठेवत नाही, वाटून टाकतो. मंगळवारी संध्याकाळी कामावरून घरी आलो, तर मकेरेता आनंदाने काळी हाफपँट झटकत होती.

“बघा, अनारेकाकांकडून आपल्या घरी वाटा आला. तराईला अगदी बरोबर होईल!”

“बाकीचं कुणाला दिलं?” मी खांब धरून विचारलं.

“जर्सी तुमच्या इसिरेलीला. बूट तोरिका आजींना. कुणी दिलं होतं हो गाठोडं? भला माणूस दिसतो.”

मला सगळं सांगावंच लागलं. मकेरेता हाफपँटची घडी घालत राहिली. तराई मात्र बोलली.

“बाबा, तुम्ही मला सांगितलं असतंत, तर मी ते घालूनच झोपले असते.”

“बाळ, मी तुझ्यासाठीच...”

“माहीत आहे. पण शुक्रवारी मी बाकावर बसले ना, तर मी तुमच्याशी दिवाळीपर्यंत बोलणार नाही.”

आमची पोरगी हे म्हणते, कारण तिच्या वर्गातल्या अर्ध्या मुली दिवाळी करतात आणि फराळ मागायला ही सगळ्यांत पुढे. दिवाळीला सात महिने होते. एवढं बोलून ती पाठ फिरवून आत गेली, ते मला बघवेना.

दुकानात धावलो. तिथे पिवळं संपलं होतं, तराईच्या मापाचे पांढरे बूटही संपले होते, हिरवं मात्र ढीगभर होतं. दिलेली भेट परत मागितली, तर माझं नाक कापलं जाणार. मग एकच रस्ता उरला. ज्या केरेकेरेला मी चोवीस वर्षं शिव्या घातल्या, तेच ओठांवर घेऊन दारोदार फिरायचं.

इसिरेली माझा मामेभाऊ. आमच्यात मामेभावाने चेष्टा केली नाही, तर तो आजारी आहे असं समजतात. गावच्या रग्बी संघात तो असा उभा राहतो की समोरच्यांना मैदान दिसत नाही. बुधवारी तो दालोच्या, म्हणजे अळकुड्यांच्या, शेतात खणत होता आणि अंगात तराईची जर्सी होती. जर्सी बिचारी छातीपर्यंतच पोचली होती.

“इसिरेली, केरेकेरे. ती जर्सी.”

“अप्या, ही तर तूच गावाला दिलीस.”

“दिली खरी.”

“आणि आता परत मागतोस?”

“परत नाही मागत. नव्याने मागतोय.”

तो कुदळीवर रेलून पोट धरून हसला. “अरे, काल रात्री काकांनी सगळ्या गावाला सांगितलं. अपेनिसाने खेळाचे कपडे वाटले म्हणजे पोरीच्या शर्यतीचं आमंत्रण दिलंय. शुक्रवारी सगळं गाव येतंय. मी हीच घालून ओरडणार होतो. आता काय उघडा ओरडू?”

“सगळं गाव?”

“तुझीच बस सांगितलीये काकांनी. तू स्टँडवरचा साहेब ना!”

पण नकार त्यालाही देता येत नव्हता. त्याने जर्सी ओढून काढली. तोपर्यंत तिच्यात तराई, तिची मैत्रीण आणि दोघींची दप्तरं मावली असती. मकेरेताने दोन रात्री बसून दोन्ही बाजूंनी ती आत घेतली. इकडे मी ड्रायव्हरला बजावून आलो, “शुक्रवारी गावातून नऊ चाळीसची बस. वेळेआधी एक मिनिटही हलायचं नाही.”

राहिले बूट. तोरिका आजी म्हणजे काकांची आत्या, वय पंच्याहत्तर, पाय तराईएवढे. मी गेलो तेव्हा आजी घरी नव्हत्या. नवे बूट मिळाल्यावर घरात कोण बसतं? त्या नदीच्या वरच्या अंगाला, दूरच्या गावी भाचीकडे गेल्या होत्या, ते बूट दाखवायला. “शुक्रवारी सकाळी येतील,” काका म्हणाले, “आणि आपल्याबरोबर बसने थेट मैदानावर.”

शुक्रवारी मी तराईला घेऊन आधीच मैदानावर गेलो. फाटकाशी प्रसाद मॅडम यादी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी जर्सीकडे पाहिलं, शिवणीकडे पाहिलं, हाफपँटवर खूण केली आणि नजर खाली नेली. तराईचे पाय अनवाणी होते.

“बूट?”

“येताहेत, मॅडम,” मी म्हणालो.

“कुठून?”

“बसने. तोरिका आजींच्या पायात.”

मॅडमनी चष्मा काढून पुसला. “आठशेच्या मुलींना बोलावेपर्यंत बूट हिच्या पायात दिसले नाहीत, तर ही बाकावर. नियम तो नियम.”

हेच वाक्य मी प्रवाशांना रोज दहा वेळा ऐकवतो. ते ऐकून घेणाऱ्याला कसं वाटतं, हे पहिल्यांदा कळलं.

सव्वादहा वाजले, बसचा पत्ता नाही. काकांना फोन लावला. “अरे, आम्ही नऊपासून बसमध्ये भरून बसलो होतो,” ते म्हणाले. “पण तुझा ड्रायव्हर नऊ चाळीसशिवाय हलेना. म्हणे अपेनिसासाहेबांचा हुकूम आहे. आता पुलावर आलोय.” शेजारी तराई बसल्या बसल्या माती नखाने उकरत होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

बस आली आणि सगळं गाव गाणी म्हणत उतरलं. कर्ण्यावर पुकारा झाला, आठशेच्या मुलींनी रेषेकडे यावं. मी धावलो, मागोमाग तराई. तोरिका आजी प्रेक्षकांच्या पहिल्या ओळीत बसून पाय लांब करून बुटांकडे बघत होत्या.

“आजी, बूट द्या, लवकर!”

“असं मागतात का रे? तुझ्या आजोबांनी होडी दिली होती, तेव्हा कसं बोलले होते ठाऊक आहे?”

मी तिथेच धुळीत मांडी घातली, ओंजळीने टाळ्या वाजवल्या आणि खाली मान घालून सगळं रीतसर म्हटलं, आजींचं घराणं, माझं घराणं, मधली सोयरीक. मागे अख्खी शाळा बघत होती. आजींनी उत्तरही रीतसर दिलं, एकही पणजोबा न गाळता. दुसऱ्यांदा पुकारा झाला.

“घे,” आजींनी पाय पुढे केले. “पण गाठी तूच सोड. त्या माझ्याने सुटत नाहीत.”

गाठी कसल्या, गलबताचे दोर! एक हाताने सोडवली, दुसरी दातांनी. तराईने बूट तिथेच चढवले आणि धूम ठोकली. प्रसाद मॅडमनी तिच्या पायांकडे पाहिलं, यादीवर खूण केली आणि मगच तिला रेषेवर जाऊ दिलं.

पहिल्या फेरीत ती पाचवी होती. दुसऱ्या फेरीत आमच्या गावाने असा गलका केला की झाडावरची वटवाघळं उडाली. शेवटच्या वळणावर ती तिसरी, मग दोघी बरोबरीने, आणि दोरीपाशी अर्ध्या पावलाने माझी तराई दुसरी आली! मला रडू फुटलं, उगाच का लपवू. शेजारी प्रसाद मॅडम दोन्ही हात वर करून ओरडत होत्या. मी बघतोय हे दिसताच त्यांनी यादीत डोकं घातलं.

तराई येऊन माझ्या गळ्यात पडली. “बाबा, सुवा!” एवढंच म्हणाली. दिवाळीचा विषय मिटला.

“चांगलं झालं,” तोरिका आजी म्हणाल्या. “आता मी घरी अनवाणी जाऊ काय? अपेनिसा, केरेकेरे. तुझ्या सपाता.”

मी सपाता काढून त्यांच्या पायाशी ठेवल्या. पोरगी सुव्याला चालली होती. त्या घटकेला कुणी माझ्या अंगावरचा शर्ट मागितला असता, तर तोही मी हसत काढून दिला असता.

इसिरेली मागेच उभा होता. त्याने मागितला.